मुलांच्या तळहात-तळपायांचे त्वचारोग: भेगा, साल निघणे, पुरळ आणि फोड

मुठाकाठची
सर्वांना नमस्कार. माझा मुलगा तिसरीत शिकतो. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या दोन्ही पायांच्या चवड्यांची कातडी लालसर, कोरडी आणि चकचकीत झाली आहे. अंगठ्याच्या खालच्या बाजूस भेगा पडतात, त्यांतून कधीकधी रक्तही येते आणि मग तो टाचांवर भार देऊन चालतो. सासूबाईंच्या मते ही उष्णता आहे, शेजारच्या काकूंच्या मते चिखल्या आहेत. औषधाच्या दुकानात विचारले असता दुकानदाराने पाय न पाहताच एक ट्यूब हातात ठेवली. तिच्या वेष्टनावर बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि क्लोबेटासोल अशी तिन्ही नावे एकत्र आहेत. ती अजून उघडलेली नाही.

त्यातच आमच्या सोसायटीतील लहान मुलांमध्ये हाता-पायांवर फोड येण्याची साथ सुरू झाली आहे, त्यामुळे पालकांच्या गटावर एकाच्या पुरळाचे छायाचित्र पाहून दुसऱ्याला औषध सुचवण्याचा प्रकार जोरात चालला आहे. मुलांच्या हातापायांच्या त्वचेचे नेमके कोणते आजार असतात, ते घरच्या घरी कितपत ओळखता येतात आणि कोणत्या वेळी थांबू नये, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

त्वचावैद्य
मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. येथील लिखाण हा तपासणीला पर्याय नाही, हे एकदाच सांगून ठेवतो.

ताई, तीन गोष्टी पाहून कळवाव्यात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांमधली कातडी कशी आहे, म्हणजे पांढरी, ओलसर, भिजून फुगलेली आहे की स्वच्छ? तळपायाच्या मधल्या कमानीवर, जिथे जमिनीचा स्पर्श होत नाही, तिथे काही आहे का? आणि मुलगा दिवसाचे किती तास कोणत्या प्रकारचे बूट घालतो? हातापायांच्या त्वचारोगात पुरळ कसे दिसते यापेक्षा ते नेमके कोठे आहे आणि कोठे नाही, यावरून निदानाची दिशा बऱ्याचदा अधिक लवकर कळते. जवळून काढलेल्या छायाचित्रात नेमकी हीच माहिती कापली जाते, म्हणून पालकांच्या गटावरची निदाने फसतात.

मुठाकाठची
डॉक्टर, बेचक्या पूर्ण स्वच्छ आहेत. कमानही स्वच्छ आहे. चवडा, अंगठा आणि बोटांच्या खालच्या बाजू एवढाच भाग बिघडलेला आहे, आणि तो दोन्ही पायांना अगदी सारखा आहे. शाळेचे काळे बूट रेक्झिनचे आहेत, मोजे नायलॉनचे. व्हॅनचा प्रवास धरला तर सुमारे आठ तास ते पायांत असतात. संध्याकाळी फुटबॉलचे बूट. लहानपणी त्याच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत इसब होता, तो आता बरा आहे.

त्वचावैद्य
तुम्ही केलेले वर्णन ‘ज्युव्हेनाइल प्लांटर डर्मटोसिस’ या आजाराशी जुळते. साधारणपणे ३ ते १४ वर्षे वयाच्या मुलांमध्ये तो आढळतो आणि ज्यांना इसब, दमा किंवा सततच्या सर्दीची प्रवृत्ती असते त्यांच्यात अधिक. १९७०च्या दशकात, कृत्रिम साहित्याचे बूट सर्रास झाल्यानंतर, वैद्यकांचे त्याकडे विशेष लक्ष गेले. हवा न खेळणाऱ्या बुटात पाय घामाने भिजतो, भिजलेली कातडी मऊ पडते, धावताना ती बुटाच्या तळाशी घासली जाते, आणि बूट काढताच तीच कातडी वेगाने सुकून ताठर होते. हे चक्र रोज चालले की कातडीची लवचिकता जाते आणि चवडा वाकेल तिथे ती फाटते. म्हणूनच भार पेलणारा भाग बिघडतो आणि कमान व बेचक्या सुटतात.

चिखल्यांचे नेमके उलटे असते. त्या बेचक्यांतून, बहुधा शेवटच्या दोन बोटांच्या मधून सुरू होतात, तिथली कातडी पांढरी व ओली होते, वास येतो आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त बिघडलेला असू शकतो. पावसाळ्यात भिजलेल्या बुटांनी चिखल्या होतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण पायांचा बुरशीचा संसर्ग वयात येण्यापूर्वीच्या मुलांमध्ये मोठ्यांच्या मानाने कमी आढळतो, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. शंका असल्यास कातडीचा थोडा भुगा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी स्वस्त असून काही मिनिटांत होते, तरीही ती न करता महिनोन्महिने बुरशीची मलमे लावली जातात.

उपचार साधे पण चिकाटीचे आहेत. बूट काढल्याबरोबर, पाय पूर्ण सुकण्याआधीच, पेट्रोलियम जेलीसारखे घट्ट मलम चवड्याला लावावे आणि झोपताना पुन्हा लावून वर सुती मोजा घालावा. घरात असताना पाय उघडे किंवा सँडलमध्ये असावेत. भेग खोल असेल तर तिच्यावर पट्टी लावली की चालणे सुसह्य होते. फार लाली व खाज असल्यास डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड मलम देतात. आजार काही महिने, कधी काही वर्षे कमी-जास्त होत राहतो आणि वयात येताना बहुतेकांचा आपोआप थांबतो.

आता त्या ट्यूबविषयी. ती उघडू नये. क्लोबेटासोल हे लावण्याच्या स्टिरॉइडांतील सर्वांत तीव्र औषधांपैकी एक असून १२ वर्षांखालील मुलांना ते सामान्यतः दिले जात नाही. बुरशी असलेल्या ठिकाणी असे मिश्रण लावले तर दोन दिवसांत लाली आणि खाज बसते, रुग्ण खूश होतो, पण आत बुरशी पसरत राहते. पुढे तिचा कडा असलेला गोल चट्टाही दिसेनासा होतो, त्यामुळे तपासणाऱ्यालाही ओळखणे अवघड जाते. देशभर गजकर्ण हट्टी होत चालल्यामागे या मिश्रणांचा मोठा वाटा आहे, असे आम्हा त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने लावण्याची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत टाकली. ती चिठ्ठी कोणी मागत नाही हे आपण सारे पाहतोच.

पादत्राणवाले
आमचा बूट-चपलांचा पिढीजात व्यवसाय आहे, त्यामुळे वैद्यकीय बाबीत न शिरता बुटांपुरते लिहितो. शालेय बूट घेताना पालक पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून एक-दोन माप मोठे घेतात. असा बूट पायात सरकतो आणि डॉक्टरांनी सांगितलेले घासणे नेमके तिथेच वाढते. पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरेशी असते. माप संध्याकाळी, मोजे घालून, उभे राहून घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो.

दुसरी गोष्ट, बूट वरून कातडी असला तरी आतले अस्तर आणि तळाची गादी कृत्रिम असू शकते, म्हणून हात घालून पाहावे. गादी बाहेर निघणारी असेल तर रोज काढून वाळवता येते. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. घामाने भिजलेला बूट एका रात्रीत आतून पूर्ण वाळत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर मुळीच नाही. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवण्याची जुनी रीत अजूनही उपयोगी आहे.

मुठाकाठची
काका, माहिती फार उपयोगाची आहे. शाळेत सँडलची परवानगी मागितली तेव्हा गणवेशाचा नियम पुढे करण्यात आला. डॉक्टरांची चिठ्ठी नेल्यावर वर्गात बूट काढून बसण्यापुरती सवलत मिळाली. शाळेने मुलांना आठ तास रेक्झिनमध्ये पाय कोंडायला लावावेत आणि मग प्रार्थनेच्या वेळी स्वच्छतेवर बोलावे, हे काही पटत नाही.

पाळणाघर ताई
मी वारजे भागात पाळणाघर चालवते. मूळ प्रश्नातील साथीच्या भागाविषयी लिहिते. आमच्याकडे दोन वर्षांच्या एका मुलीला आधी ताप आला आणि तिने वरणभातसुद्धा तोंडातून बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तळहातांवर आणि तळपायांवर लांबट, राखाडी रंगाचे, भोवती लाल कडा असलेले छोटे फोड दिसले, ढुंगणावरही पुरळ होते. पालकांना वाटले कांजिण्या. डॉक्टरांनी हँड, फूट अँड माउथ डिसीज सांगितला. अशा वेळी बाकीच्या मुलांसाठी आम्ही काय करावे आणि मुलीला परत केव्हा घ्यावे?

बालवैद्य
ताई, कांजिण्यांचे फोड मुख्यतः छाती-पोटावर सुरू होतात, खाजतात आणि तळहात-तळपाय बहुधा सोडून देतात. या आजारात नेमके तेच भाग, तोंडाच्या आतील भाग आणि ढुंगण धरले जाते. कॉक्सॅकी ए१६, कॉक्सॅकी ए६, एन्टेरोव्हायरस ७१ असे विषाणू यास कारणीभूत असतात. मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना तो होतो, संसर्गानंतर ३ ते ६ दिवसांनी लक्षणे दिसतात आणि ७ ते १० दिवसांत मूल बरे होते. प्रतिजैविकांचा काही उपयोग नाही. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे, ॲस्पिरिन देऊ नये. खरी अडचण तोंडातल्या व्रणांची असते: गिळताना दुखते म्हणून मूल पाणीही नाकारते. थंड ताक, दूध, पेज, शहाळ्याचे पाणी थोडे थोडे देत राहावे. संत्रे, लिंबू आणि तिखट काही दिवस बाजूला ठेवावे. लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे, सतत उलट्या, ताप तीन दिवसांहून अधिक टिकणे किंवा झोपेत अंग वारंवार दचकणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

ताप उतरला, फोड सुकले आणि मूल नीट खाऊ-खेळू लागले की परत घ्यायला हरकत नाही. मात्र विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, त्यामुळे लंगोट बदलल्यानंतर हात धुण्याला पर्याय नाही. धुणे म्हणजे साबण आणि पाणी. या विषाणूंना चरबीचे आवरण नसल्यामुळे सॅनिटायझरचा परिणाम त्यांच्यावर कमी होतो.

२०२२ मध्ये केरळातून ‘टोमॅटो फ्लू’च्या बातम्या आल्या, तेव्हा पुण्यातही पालक घाबरून गेले होते. नंतरच्या तपासण्यांत तो याच आजाराचा प्रकार असल्याचे दिसून आले.

निवृत्त पशुवैद्य
एक खुलासा आवश्यक वाटतो. मुळशी तालुक्यातील एका ओळखीच्या कुटुंबात मुलाला हा आजार झाल्यावर गोठ्यातील गाय विकण्यापर्यंत गोष्ट गेली होती, कारण कोणीतरी हा लाळ्या खुरकूत असल्याचे सांगितले. गुरांच्या तोंडात आणि खुरांत होणारा लाळ्या खुरकूत हा पूर्णपणे वेगळ्या विषाणूचा आजार आहे. मुलांचा हा आजार गुरांकडून येत नाही आणि गुरांना जातही नाही.

हिंजवडीकर
आमच्या मुलीला हा आजार होऊन गेल्यानंतर महिनाभराने हाताच्या तीन बोटांची नखे मुळापासून सुटू लागली आहेत. दुखत नाही, पू नाही. ही बुरशी समजावी का? शिवाय तिचे तळहातही सोलवटले आहेत. आमच्याकडे टँकरचे जड पाणी येते, त्यामुळे असे होत असेल का?

त्वचावैद्य
ही बुरशी नव्हे. आजाराच्या काळात नखाच्या मुळाची वाढ काही दिवस थांबते आणि जुने नख तेथून तुटून पुढे ढकलले जाते. कॉक्सॅकी ए६ मध्ये हे विशेष दिसते. खालून नवे नख येतेच आहे. सुटलेली कड कापडाला अडकू नये म्हणून कापत राहावी, एवढेच. तळहात सोलणे हेही त्याचाच भाग असू शकते.

जड पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुण्याच्या पश्चिमेकडील सोसायट्यांत यावर बराच खर्च होतो. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून तो जास्त लावला जातो आणि त्याचा थर कातडीवर राहतो, त्यामुळे कोरडेपणा वाढू शकतो, हे खरे. पण पाणी मृदू करण्याचे यंत्र बसवल्याने आधीच असलेला इसब सुधारतो का, याची चाचणी इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर घेण्यात आली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र बसवलेल्या आणि न बसवलेल्या घरांतील मुलांच्या इसबाच्या तीव्रतेत तपासणाऱ्यांना महत्त्वाचा फरक आढळला नाही. त्या पैशांत साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर आणि वर्षभराचे मॉइश्चरायझर घ्यावे. ते पुरेसे लावावे, कारण सर्वांगाला इसब असलेल्या मुलाला आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम मलम लागते, आणि आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरवली जाते.

मुलांच्या हातांच्या इसबात हल्ली आणखी एक कारण दिसते, ते म्हणजे स्लाइम. त्या चिकट खेळण्यात गोंद, बोरॅक्स आणि काही परिरक्षके (ते खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायने) असतात. तासन्‌तास मळल्याने बोटांची टोके आणि तळहात लाल होऊन सोलतात. असे दिसल्यास सहा-आठ आठवडे ते पूर्ण बंद करून पाहावे. पावलाच्या वरच्या बाजूस, चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचे पुरळ असेल तर रबरातील रसायने, कातडे कमावण्याचे क्रोमियम किंवा चिकटवण्याचा गोंद यांची ॲलर्जी असू शकते. पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट केल्यास ती कळते.

बालवैद्य
साल निघण्याविषयी एक गंभीर बाब मध्येच लिहितो. पाच किंवा अधिक दिवसांचा चढा ताप, दोन्ही डोळे लाल पण चिपडे नाहीत, ओठ लाल व फुटलेले, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ, अशी लक्षणे एकत्र आली तर कावासाकी आजाराचा विचार करावा लागतो. जपानमधील डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बोटांच्या टोकांची, नखांच्या कडेची कातडी यात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोलते. तोवर थांबल्यास उशीर होतो, कारण उपचार न मिळालेल्या सुमारे २५ टक्के मुलांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे येतात. इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिले जाणारे प्रतिपिंडांचे औषध) पहिल्या दहा दिवसांत दिल्यास हा धोका बराच कमी होतो. सर्व लक्षणे एकाच दिवशी दिसत नाहीत. कालची लाली आज नसते. म्हणून तापाच्या दिवसांत काय काय दिसले ते तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवावे.

नारायणपेठी
आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडे एकत्र राहतात. सहा महिन्यांच्या नातवाच्या तळव्यांवर पाण्याच्या आणि पुवाच्या बारीक पुटकुळ्या आल्या आहेत, तो रात्रभर रडतो व पाय एकमेकांवर घासतो. त्याची आई आणि मोठी बहीण यांनाही बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती खाज आहे. घरातील मोठ्या माणसांचे म्हणणे असे की आपल्यासारख्या स्वच्छ घरात खरूज होणार नाही. करंज तेल लावणे सुरू आहे.

त्वचावैद्य
आजोबा, वर्णन खरजेचेच वाटते, आणि तिचा घराच्या स्वच्छतेशी संबंध जोडू नये. खरजेचा कीटक एकमेकांच्या अंगाशी दीर्घ स्पर्शाने पसरतो, रोज आंघोळ करणाऱ्यालाही तो सोडत नाही. मोठ्यांमध्ये तळवे आणि चेहरा बहुधा सुटतात, पण तान्ह्या बाळांमध्ये तळहात, तळपाय आणि डोकेसुद्धा धरले जाते, म्हणून निदान चुकते. रात्री वाढणारी खाज आणि घरात एकाहून अधिक जणांना ती असणे, या दोन गोष्टी पुरेशा सूचक आहेत. बाळाला प्रत्यक्ष दाखवावेच. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या त्वचाविभागातही हे तपासले जाते.

सामान्यतः ५ टक्के पर्मेथ्रिन रात्री सर्वांगाला लावून सकाळी धुतात आणि आठवड्याने पुन्हा लावतात. दोन महिन्यांवरील बाळांना ते चालते. बाळाच्या डोक्यालाही, डोळे व तोंड सोडून, लावावे लागते, आणि हात तोंडात जातात म्हणून हातमोजे घालावेत. खाज असो वा नसो, तिन्ही बिऱ्हाडांतील प्रत्येकाने एकाच रात्री औषध लावायचे. एक काका कामावरून उशिरा आले म्हणून राहून गेले की पुढच्या महिन्यात सारे पहिल्यापासून सुरू होते. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे आज खाज नसलेला माणूसही कीटक बाळगून असू शकतो. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. गोधड्या आणि धुता न येणाऱ्या वस्तू पिशवीत बांधून किमान तीन दिवस, शक्यतो आठवडाभर बाजूला ठेवाव्यात. कीटक मेल्यानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहते, तेवढ्यावरून औषध पुन्हा पुन्हा लावू नये. करंज तेलावर विसंबून दिवस घालवू नयेत.

मुठाकाठची
एक वेगळा प्रश्न. आमच्याकडे कोकणातून आलेले कोकमतेल असते. आई भेगांवर तेच कोमट करून भरते. चवड्याच्या भेगांना चालेल का?

त्वचावैद्य
चालेल. सामान्य तापमानाला घट्ट राहणारी ती वनस्पतिजन्य चरबी आहे आणि भेगेवर आवरण धरून ठेवण्याचे काम ती चांगले करते. मात्र ती शुद्ध असावी, फार गरम करून भेगेत ओतू नये, आणि भेगेतून पू किंवा पिवळी खपली दिसत असेल तर आधी संसर्गाचा उपचार करावा.

शिक्षिका कोथरूड
आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या टाचेला कठीण गाठ आहे. घरचे तिला भोवरी म्हणतात आणि ब्लेडने कापतात, उदबत्तीचा चटकाही देऊन झाला आहे. तो शाळेच्या पोहण्याच्या तासाला येतो. इतर मुलांना धोका आहे का?

त्वचावैद्य
शालेय वयात भोवरी विरळा आणि चामखीळ नेहमीची. गाठीवर त्वचेच्या रेषा सलग जातात की तुटतात ते पाहावे. चामखिळीत त्या तुटतात, वरचा थर निघाल्यावर काळे ठिपके दिसतात आणि वरून दाबण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर ती जास्त दुखते. ती पॅपिलोमा विषाणूमुळे होते आणि ब्लेडने कापल्यास आजूबाजूला पसरते. चटके देणे ताबडतोब थांबवावे. त्यामुळे उरलेला व्रण चामखिळीपेक्षा अधिक काळ दुखतो. मुलांमधील बऱ्याच चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. चालताना दुखत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सॅलिसिलिक ॲसिडचे औषध रोज रात्री, पाय कोमट पाण्यात भिजवून व वरचा मृत थर घासून, भोवतालच्या चांगल्या कातडीला पेट्रोलियम जेली लावून वापरावे. त्यास साधारण तीन महिने द्यावे लागतात. घासण्याचा दगड त्या पायापुरताच ठेवावा.

पोहणे बंद करण्याची गरज नाही. गाठीवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, तलावाच्या काठावर आणि कपडे बदलण्याच्या खोलीत चप्पल घालावी आणि टॉवेल कोणाचा कोणी वापरू नये.